पोलाद मोजक्यांचे, कापूस सगळ्यांचा

मुदखेडहून आदिलाबादकडे जाणारी गाडी भोकर मागे टाकते, आणि दिवाळीच्या सुमारास खिडकीतून दोन्हीकडे फुटलेला कापूस दिसू लागतो. थोड्या वेळाने हिमायतनगरची पाटी येते. जुनी माणसे गावाला अजून वाढोणा म्हणतात. महाशिवरात्रीला परमेश्वराची यात्रा भरते तीही वाढोण्याचीच. हिमायतनगर हे नाव निजामाच्या काळातले. शेवटचे निजाम मीर उस्मान अली खान यांचे थोरले चिरंजीव हिमायत अली खान, म्हणजेच आझम जाह, यांच्यावरून ते पडले. हैदराबादजवळचा हिमायतसागर त्यांच्याच नावाचा. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामी गेली, पण पाटीवरचे नाव टिकले.

'हिमायत' या शब्दाचा अर्थ संरक्षण, पाठीशी उभे राहणे. इथे उतरणाऱ्याच्या मनात तो अर्थ सहसा येत नाही. मला तो आठवला, कारण या लेखासाठी मी एका वेगळ्या संरक्षणाच्या शोधात होतो. लढाईत माणूस अंगावर जे लोखंड घालतो ते चिलखत खरोखर किती वाचवते, आणि ते किती जणांच्या अंगावर असते, एवढे दोनच प्रश्न होते. उत्तरे शोधत प्रतापगड, उदगीर, नांदेड आणि पार इंग्लंडपर्यंत जावे लागले. अखेरीस मी याच काळ्या रानात परत आलो.

शब्दांच्या पेटाऱ्यात

आपल्याकडे चिलखते फारशी उरली नाहीत, पण शब्द उरले. जिरेटोप म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे मोत्यांचा तुरा येतो. त्यातले 'जिरे' मात्र फारसी 'जिरिह'वरून आलेले, आणि जिरिह म्हणजे लोखंडी कड्यांचे विणलेले चिलखत. शिलेदार म्हणजे स्वतःची हत्यारे आणि स्वतःचा घोडा घेऊन चाकरीला येणारा. ज्याला घोडा आणि शस्त्र सरकारातून मिळे तो बारगीर. 'मायेची पाखर' आपण सहज म्हणतो. तिथली पाखर पक्ष्याच्या पंखांची, असे कोणी म्हणेल, आणि ते खोटे नाही. पण जुन्या मराठीत घोड्याच्या आणि हत्तीच्या लोखंडी झुलीलाही पाखरच म्हणत.

खुद्द 'चिलखत' हा शब्द तर फसवाच आहे. अबुल फज्लने आईन-ए-अकबरीत बादशाही शस्त्रागारातल्या वस्तू किमतींसकट लिहून ठेवल्या. त्यांत जिरिह आहे, बख्तर आहे, छाती, पाठ आणि दोन्ही कुशींवर एकेक पत्रा बसवलेला चार-आईना आहे. त्याच यादीत 'चिहिलकद' नावाचा एक अंगरखा येतो. चिहिल म्हणजे चाळीस. हा पदरांचा, शिवलेला, कापडाचा प्रकार. आपले चिलखत याच शब्दाच्या कुळातले दिसते. म्हणजे ज्या शब्दाने आपल्याला लोखंडाचा खणखणाट ऐकू येतो, त्याच्या पोटात कापड आहे. पुढे याचा उलगडा होईल.

एक चिलखत, एक माणूस, एक दुपार

मराठी माणसाला ठाऊक असलेले सर्वांत प्रसिद्ध चिलखत १० नोव्हेंबर १६५९ ला प्रतापगडाच्या पायथ्याशी वापरले गेले. शिवाजी महाराज अफझलखानाच्या भेटीला निघाले तेव्हा अंगरख्याखाली चिलखत होते आणि मंदिलाखाली लोखंडी टोप. खानाने मिठीत मान दाबून कुशीत कट्यार चालवली आणि ती कड्यांवरून घसरली. राजारामांच्या आज्ञेवरून जिंजीला बखर लिहिणाऱ्या कृष्णाजी अनंत सभासदानेही हा प्रसंग असाच सांगितला आहे.

युद्धशास्त्राच्या नजरेने पाहिले तर चिलखतासाठी याहून योग्य प्रसंग मिळणे अवघड. धोका नेमका कुठून येणार हे माहीत होते. लढाई दिवसभराची नव्हती, काही क्षणांची होती. मैलोगणती घोडा पळवायचा नव्हता. नोव्हेंबरातली जावळी होती, म्हणजे उन्हाचा त्रास नव्हता. त्यात चिलखत कपड्याआड होते, त्यामुळे वार कुठे करावा हे समोरच्याला ठरवता आले नाही. कड्यांचे चिलखत ओढून केलेला वार उत्तम अडवते, सरळ रेटून खुपसलेले टोक त्या मानाने कमी. मिठीत सापडलेल्या माणसाला पूर्ण जोराने खुपसायला हात मागे नेता येत नाही, कट्यार घासत जाते. त्या काही क्षणांत चिलखताने शंभर टक्के काम केले.

आणि तरी आपल्या आठवणीत राहिली ती वाघनखे. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखे जुलै २०२४ मध्ये साताऱ्याच्या संग्रहालयात आली, ती तीच की दुसरी यावर वाद झडले, बघायला रांगा लागल्या. त्या दिवशी जीव वाचवला तो चिलखताने, पण त्याची चौकशी कुणी केली नाही. मारणाऱ्या वस्तूची कथा होते, वाचवणाऱ्या वस्तूची होत नाही. वार झाला आणि काहीच घडले नाही, याची गोष्ट तरी काय सांगायची?

पत्र्यातला माणूस

युरोपात पंधराव्या शतकापर्यंत डोक्यापासून पायाच्या बोटांपर्यंत पोलादी पत्र्याने मढवलेला सरदार उभा राहिला. मिलान, न्यूरेम्बर्ग, आउग्सबुर्ग ही त्याच्या कारागिरांची गावे. त्याच्याविषयी सिनेमाने एक गैरसमज पसरवला आहे: घोड्यावर बसवायला त्याला यारी लागे आणि खाली पडला तर तो उताण्या कासवासारखा पडून राही. प्रत्यक्षात पूर्ण पोशाख १५ ते २५ किलोंचा असे आणि त्याचे वजन सगळ्या अंगावर वाटलेले असे. बेतून केलेला असला तर आतला माणूस धावे, वाके, घोड्यावर टांग टाके.

असा पत्रा तलवारीने कापला जात नाही. म्हणून त्याच्याशी लढणाऱ्यांनी तलवार सोडून लांब दांड्याचे घण-परशू हाती घेतले. नाहीतर त्याला खाली पाडायचे आणि काखेत, जांघेत, डोळ्यांच्या फटीत सुरी घालायची. आपल्याकडेही टोकाशी जाड केलेली, कड्या फाकवून आत शिरणारी सुरी होती. तिचे नावच जिरेहबोंक, म्हणजे जिरिह भेदणारी. हत्याराच्या नावात चिलखत यावे यातच चिलखताच्या गुणाची पावती आहे. ज्यावर साधा वार चालतो त्याच्यासाठी वेगळी सुरी कोण घडवेल?

पण पत्र्याची किंमत आतल्या माणसालाच मोजावी लागे. २०११ मध्ये इंग्लंडच्या लीड्स विद्यापीठात ग्रॅहम अ‍ॅस्क्यू आणि सहकाऱ्यांनी चिलखताची सवय असलेल्या माणसांना पूर्ण पोशाखात सरकत्या पट्ट्यावर चालवले आणि त्यांचा श्वास मोजला. चालायला नेहमीच्या दुपटीहून थोडी जास्त शक्ती लागत होती. तेवढेच वजन पाठीवर असते तर खर्च कमी आला असता. पायांवरचा पत्रा प्रत्येक पावलाला उचलावा लागतो आणि छातीवरचा पत्रा श्वास पूर्ण भरू देत नाही.

याचा अर्थ २५ ऑक्टोबर १४१५ च्या अ‍ॅजिनकोर्टमध्ये कळतो. फ्रान्सचे पत्र्यातले सरदार पायी निघाले ते नुकत्याच नांगरलेल्या आणि रात्रभरच्या पावसाने भिजलेल्या रानातून. समोरून इंग्रजांचे बाण येत होते. चांगला पत्रा बाणाने क्वचितच फुटतो, पण बाणांमुळे मान खाली घालून, झडप लावून, श्वास कोंडत चालावे लागते. पोहोचेपर्यंत ते दमले, दाटीत एकमेकांवर पडले आणि चिखलात गुदमरून मेले. चिलखत फुटलेच नाही. आतला माणूस संपला.

मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला हे समजावून सांगावे लागणार नाही. पावसानंतरच्या काळ्या रानात दोन तासे चालून पाहा. पायाला चिकटलेला गोळा दर पावलाला वाढत जातो, आणि अंगावर काही नसताना माणूस धापा टाकतो.

दख्खनने पत्रा का नाकारला

पत्रा आपल्याला ठाऊक नव्हता असे नाही, आणि पोलादाची तर वाणच नव्हती. हिमायतनगरच्या आग्नेयेला, गोदावरी ओलांडून गेले की तेलंगणाच्या निजामाबाद जिल्ह्यात कोनासमुद्रम नावाचे गाव आहे. मातीच्या बंद मुशीत लोखंड वितळवून केलेले तिथले पोलाद इराणपर्यंत जात असे. ज्या पात्यांना जग दमास्कसची म्हणून ओळखते, त्यांचा कच्चा माल या मुलखातला. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी भूवैज्ञानिक हेन्री व्हॉयसी तिथे पोचला, तेव्हा थेट इस्फहानचा व्यापारी माल न्यायला येऊन बसलेला त्याला भेटला.

जगातले नामांकित पोलाद उशाला असताना दख्खनचा शिपाई उघड्या छातीने का लढला? पहिले कारण त्या मुशीतच आहे. एका मुशीतून निघणारी लगड फार तर किलोभराच्या आतबाहेरची. तिच्यातून पाते उत्तम होते. छाती झाकणारा एकसंध पत्रा करायला मोठा गोळा लागतो, पाण्यावर चालणारे मोठे घण लागतात. उत्तर इटलीत आणि दक्षिण जर्मनीत ते होते. आपल्या पोलादात कर्ब भरपूर, त्यामुळे धार अप्रतिम. पण पत्र्याला धारेपेक्षा चिवटपणा हवा. म्हणून इथल्या चिलखतात लहान लहान पट्ट्या कड्यांनी जोडलेल्या दिसतात. वारा लागतो, अंग वळते, एखादी पट्टी गेली तर तेवढीच बदलता येते. एका कड्यांच्या अंगरख्याला वीस-तीस हजार कड्या सहज लागत. चांगल्या चिलखतात प्रत्येक कडीला रिव्हेट, म्हणजे प्रत्येक कडी चपटी करा, भोक पाडा, ओवा, ठोका.

दुसरे कारण ऊन. मेमध्ये नांदेडचा पारा ४३-४४ अंशांवर जातो आणि तेव्हा उन्हात ठेवलेल्या विळ्याला हात लावता येत नाही. पावसाळ्यात तेच लोखंड गंजते. चिलखत विकत घेतले म्हणजे काम संपले, असे होत नाही. त्याला तेल लागते, घासणारा लागतो. हत्यारे उजळणाऱ्या शिकलगारांचे, मराठवाड्यात ज्यांना शिकलकरी म्हणतात त्यांचे, पोट याच कामावर चाले. नांदेड परिसरात त्यांची वस्ती आजही आहे.

तिसरे कारण सर्वांत वजनदार, ते म्हणजे लढण्याची रीत. १६२४ मध्ये अहमदनगरजवळ भातवडीला मलिक अंबरने मोगल आणि आदिलशाही फौजांना गाठले. आधी तलावाचा बांध फोडून शत्रूच्या छावणीत आणि वाटांवर पाणी सोडले, चिखल केला आणि मग हलक्या स्वारांनी रात्री-बेरात्री छापे घातले. शहाजीराजे आणि त्यांचे बंधू शरीफजी याच लढाईत अंबरच्या बाजूने लढले, शरीफजी तिथेच पडले. अ‍ॅजिनकोर्टला चिखल आभाळाने केला होता, भातवडीला तो माणसाने केला. जड शत्रूला जड जागी आणायचे आणि आपण हलके राहायचे, ही रीत शहाजीराजांच्या डोळ्यांसमोर घडली. पुढच्या पिढीने तिला गनिमी काव्याचे रूप दिले.

हलके राहणे म्हणजे चिलखताविना राहणे. मराठा स्वाराचे संरक्षण त्याच्या घोड्याच्या पायांत होते. अंगावर दहा किलो लोखंड कमी म्हणजे संध्याकाळपर्यंत काही कोस जास्त. जिथे अगदीच गरज, तिथे मात्र पोलाद ठेवले. दांडपट्ट्याचा खोबळा पाहा. मनगटापासून जवळजवळ कोपरापर्यंत हात झाकणारा तो पोलादी नळा म्हणजे अंगभर चिलखतातून उचललेला नेमका एक तुकडा. ज्या हाताशिवाय लढताच येत नाही तेवढा हात झाकला, बाकी देह ढालीवर आणि घोड्यावर सोपवला.

किती जणांच्या अंगावर?

संग्रहालयात फिरताना मनात एक चूक हळूच घर करते. हैदराबादच्या सालारजंगमध्ये चिलखते आहेत. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात अकबराचे छातीकवच आहे. लीड्सच्या रॉयल आर्मरीजमध्ये तर मद्रासेत राहिलेल्या लेडी क्लाइव्हने इंग्लंडला नेलेली हत्तीची पाखर उभी आहे. तिच्यात ५,८४० पट्ट्या असून आज तिचे वजन ११८ किलो भरते, आणि तीही पूर्ण उरलेली नाही. हे सगळे पाहून वाटते, जुन्या लढाया म्हणजे लोखंडाचा समुद्रच असला पाहिजे.

पण टिकते ते कोणाचे? दक्षिणी चिलखतांचा एक मोठा साठा आज राजस्थानात बिकानेरच्या जुनागड किल्ल्यात आणि तिथून जगभरच्या संग्रहांत पसरलेला आहे. तो तिथे पोचला, कारण १६८९ मध्ये मोगलांनी अदोनीचा किल्ला घेतला आणि मोहिमेतले बिकानेरचे महाराजा अनूपसिंह यांनी तिथले शस्त्रागार आपल्याकडे नेले. ती चिलखते आज आपल्याला दिसतात ती कोठारात असल्यामुळे. जी अंगावर होती ती फाटली, गंजली, वितळवून त्यांचे कुदळ-खुरपे झाले. शिपायाच्या सदऱ्याचे तर काहीच उरत नाही.

साध्या माणसाला भेटायचे तर संग्रहालय सोडून गावाच्या वेशीवर जावे लागते. महाराष्ट्रभर देवळांच्या आवारात, पिंपळाच्या पारावर, शेंदूर फासलेले वीरगळ उभे आहेत. खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत अप्सरा पडलेल्या वीराला नेताहेत, वर शिवलिंगापुढे तो हात जोडून बसला आहे. या वीरांच्या हाती तलवार असते, ढाल असते. अंगावर बहुतेकदा काही नसते. मूर्तिकाराची ती पद्धत असेल, हे मान्य. तरी गाई सोडवताना पडलेल्या गावच्या माणसाकडे कड्यांचा अंगरखा असेल, असे मानायला कोणी धजणार नाही.

युरोपातही हेच होते. ११८१ मध्ये इंग्लंडच्या दुसऱ्या हेन्रीने कोणी कोणते शस्त्र बाळगावे याचा हुकूम काढला. जहागीरदाराला आणि त्याच्या तोडीच्या धनवानाला कड्यांचे चिलखत, शिरस्त्राण, ढाल, भाला. त्याखालच्याला हलके चिलखत. बाकी स्वतंत्र प्रजेला लोखंडी टोपी, भाला आणि कापडाचा भरलेला अंगरखा. म्हणजे राजानेच लिहून दिले की जीव ऐपतीप्रमाणे वाचेल. १३६१ मध्ये स्वीडनच्या गॉटलंड बेटावर विस्बीच्या तटाबाहेर डेन्मार्कच्या कसलेल्या फौजेने शेतकऱ्यांचे सैन्य कापून काढले. विसाव्या शतकात त्यांची सामुदायिक थडगी उघडली तेव्हा हजारावर सांगाडे निघाले. कोणाच्या अंगावर जुनाट, पिढीआधीच्या पद्धतीचे कवच होते, आणि कित्येकांच्या नडग्यांवर वारांच्या खुणा होत्या. ढाल आणि अंगरखा जिथे संपतो, तिथेच तलवार लागली होती.

आपल्या शिलेदाराचा हिशोब याहून वेगळा नव्हता. घोडा त्याचा, तलवार त्याची, मेला तर घोडाही गेला आणि घरही. हातात असलेला पैसा घोड्यात घालायचा की चिलखतात? घोडा पळवून नेतो, लुटीचा माल वाहतो. चिलखत फक्त वाट पाहते. बहुतेकांनी घोडा निवडला, आणि त्यांचे चुकले असे म्हणता येत नाही.

वाकळ

मग त्या हजारोंच्या अंगावर होते तरी काय? इथे 'चिहिलकद'च्या चाळीस पदरांकडे परत यावे लागते. त्यांच्या अंगावर कापूस होता.

कापसाने भरून, दाट टाके घालून शिवलेला डगला तलवारीचा ओढता वार चांगलाच अडवतो. धार पहिल्या पदरात शिरते, पण पदर एकमेकांवर सरकतात, रुई दबते, पाते अडखळते आणि जोर पसरून जातो. डोक्याला गुंडाळलेले कित्येक हातांचे पागोटेही हेच करते. एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानात लढलेल्या इंग्रज स्वारांना आपल्या तलवारी असल्या कपड्यांवर आणि पागोट्यांवर बोथट ठरतात याचा अनुभव येत गेला. पंधराव्या शतकात फ्रान्सच्या अकराव्या लुईने शिपायांसाठी जे अंगरखे ठरवून दिले तेही २५ ते ३० पदरी कापडाचे होते, बाहेरून हरणाच्या कातड्याचे. जिथे पोलाद पुरले नाही तिथे जगभर सुई-दोरा कामाला आला.

मराठवाड्यात ही विद्या घरोघर आहे. फक्त तिला कोणी युद्धकला म्हणत नाही, वाकळ म्हणतात. जुनी लुगडी, धोतरे, सदरे धुऊन एकावर एक अंथरायची आणि कडेपासून आत, चौकोनात चौकोन घेत, बोटभर अंतरावर धावदोरा घालत जायचे. नवे कापड कोणी वाकळीला वापरत नाही. मऊ पडलेले, वापरून विरलेले पदरच एकमेकांत जिरतात. माझ्या लहानपणी थंडीत अंगावर घेतलेल्या वाकळीचे वजन आजही खांद्यांना आठवते. जिने ती शिवली तिला ठाऊक नव्हते की टाका जितका दाट तितका वार उथळ, हा हिशोब डगला शिवणाऱ्या हातांनीही केला होता. माणसाला वाचवायचे तर एक जाड थर घालण्यापेक्षा अनेक पातळ थर घालावेत, एवढेच त्यातले शास्त्र. १९६५ मध्ये अमेरिकेत स्टेफनी क्वोलेक या रसायनशास्त्रज्ञ बाईने केव्हलारच्या धाग्याचा शोध लावला. आजचे गोळीरोधक जाकीट त्या धाग्याच्या विणलेल्या कापडाचे पदर एकावर एक ठेवूनच होते. पाचशे वर्षे पोलादाच्या मागे धावून शेवटी माणूस पुन्हा वाकळीपाशीच आला.

उदगीरचा धूर

मधल्या काळात पोलाद का हरले ते उदगीर-औशाच्या माळावर कळते. १७६० च्या सुरुवातीला सदाशिवरावभाऊंनी निजामाच्या फौजेला इथे कोंडीत धरले. भाऊंकडे इब्राहिमखान गारदी होता, फ्रेंच सेनानी बुसीच्या हाताखाली तयार झालेला, तोफा आणि कवायती पायदळ घेऊन आलेला. निजामाला साठ लाखांचा मुलूख सोडावा लागला, दौलताबादसारखे किल्ले द्यावे लागले. त्या तोफांपुढे चार-आईना घातलेला सरदार आणि उघड्या अंगाचा बारगीर यांच्यात फरक उरला नव्हता. बंदुकीची गोळी अडवायची तर पत्रा जाड करावा लागतो, आणि जाड केला तर घालणारा हलत नाही. युरोपातल्या कारागिरांनी सतराव्या शतकात तेही करून पाहिले होते. विकण्याआधी छातीपत्र्यावर पिस्तुलाची गोळी झाडायची आणि पडलेला पोचा हाच खात्रीचा शिक्का. अखेर शिपायांनीच तो भार टाकून दिला.

उदगीरहून भाऊ त्याच वर्षी उत्तरेकडे निघाले. १४ जानेवारी १७६१ च्या दुपारी पानिपतावर विश्वासराव पडले, ते गोळी लागून. पेशव्याच्या पुत्राला उत्तमातले उत्तम चिलखत मिळाले नसते असे नाही. पण वेळ चिलखताची राहिली नव्हती.

गोदावरीचे पाणी

दिवाळीच्या तोंडावर नांदेडच्या सचखंड श्री हुजूर साहिबला तख्तस्नान असते. गोदावरीचे पाणी घागरींनी आणले जाते आणि तख्ताबरोबर गुरू गोविंदसिंहजींची शस्त्रे धुऊन उजळली जातात. गुरूजी १७०८ मध्ये इथे ज्योतीत विलीन झाले. महाराजा रणजितसिंहांनी पुढे देवस्थानाची आजची इमारत उभारली. जपलेल्या शस्त्रांची नेहमी सांगितली जाणारी यादी ऐकताना मी एकच गोष्ट शोधत होतो. सोन्याची कट्यार आहे, तोड्याची बंदूक आहे, ३५ बाणांचा भाता आहे, दोन धनुष्ये, रत्नजडित पोलादी ढाल, पाच तलवारी. या यादीत चिलखताचे नाव येत नाही. संरक्षणाचे एकच साधन आहे, ढाल, आणि ती हातात धरून पुढे करावी लागते. दसऱ्याला शस्त्रे पुजणारा आपला समाजही तलवारीला हळद-कुंकू वाहतो. आपल्या देव्हाऱ्यात अंगरख्याला जागा कधी मिळाली नाही.

परत काळ्या रानात

हिमायतनगरच्या उत्तरेला पैनगंगा वाहते. पलीकडे यवतमाळ जिल्ह्याचा उमरखेड तालुका. नदी ओलांडली की मराठवाडा संपून विदर्भ लागतो, पण माती तीच आणि कापूस तोच. २०१७ च्या पावसाळ्याच्या शेवटी यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी आणि शेतमजूर दगावले. त्या वर्षी कपाशी डोक्याएवढी वाढली होती. फवारा पायांकडे न पडता तोंडावर, छातीवर येत होता. उकाडा होता, घाम होता, औषधे एकात एक मिसळलेली होती. अंगावरचा सदरा भिजला की तेच विष दिवसभर कातडीला लागून राहते. तलवारीचा वार पोटात घेणारा कापूस इथे उलटा विषाला जवळ धरतो.

या लढाईचेही चिलखत आहे. चष्मा, हातमोजे, मुखपट्टी, न भिजणारा अंगरखा. त्या वर्षानंतर अशा संचांचे वाटपही झाले. ते काम करते का? करते, तेवढ्यात वाद नाही. मग रानात ते का दिसत नाही? कारणे विचारा, तर कानावर येतात ती अबुल फज्लच्या काळातलीच: उन्हात अंगावर ठरत नाही, श्वास कोंडतो, फाटले तर पुन्हा घ्यायला पैसे कुठले, आणि दुसऱ्याच्या रानात रोजाने फवारणाऱ्याला ते देणार कोण. पोलाद गेले, प्लॅस्टिक आले, बारगीर तसाच राहिला.

एक हिशोब मात्र मी मुद्दाम करून पाहिला. पाठीवरच्या फवारणी पंपात पंधरा-सोळा लिटर औषध मावते. मोकळ्या पंपाचे चार-पाच किलो धरले तर भरलेला पंप वीस किलोंच्या घरात जातो. मिलानच्या कारागिराने सरदाराला मढवलेल्या पूर्ण पोशाखाचे वजनही एवढेच असे. सरदार ते डोक्यापासून पायापर्यंत वाटून घेई आणि त्याचा प्रत्येक तोळा त्याचा जीव राखी. फवारणारा सगळा भार दोन पट्ट्यांवर खांद्यांनी पेलतो, आणि त्या वीस किलोंत त्याला वाचवणारे काही नसते. वाचते ते पीक.

संध्याकाळी परत निघालो तेव्हा बांधावरून एक माणूस रिकामा पंप घेऊन येत होता. नाका-तोंडावर रुमाल बांधलेला. चिहिल म्हणजे चाळीस. त्याच्या रुमालाला पदर एकच होता.